निरोगी रक्त

ब्राझीलमधल्या कुरितिबातल्या त्या प्रयोगशाळेत निरोगी रक्त लागलं की सगळे लिओनिल्दाकडे बघत. बाहेरचा माणूस आणायचा तर परवानग्या, सह्या आणि वाट बघणं आलं. त्यापेक्षा आपलाच दंड पुढे केलेला बरा. ही खोड सगळ्याच संशोधकांना असते. इथे तर लिओनिल्दाचंच रक्त घेण्याला कारणही होतं. पारानातल्या जुन्या घराण्यांत एक बिघडलेलं जनुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. खेचरांचे तांडे हाकणाऱ्या कुणा पूर्वजाने ते गावोगाव पेरलं म्हणतात. त्यापायी लहान लेकरांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत कर्करोग होतो. लिओनिल्दाच्या आईकडचे मात्र बाहेरून आलेले आणि वडील दूर उत्तरेचे, सेआराचे; म्हणून तिच्यात ते नाही, असं सगळे धरून चालत. "तुझं रक्त म्हणजे आमचं सोनं," असं प्रमुख ओस्मार म्हणायचा आणि ती हसायची.

काम असं, की निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर दुरुस्त जनुक लादून ते आजारी पेशींत पोचवायचं आणि मग त्यांच्यावर किरण सोडायचे. चांगली पेशी पोळली की आपणहून मरते, उगाच शरीराला घोर नको म्हणून. बिघडलेली निलाजरी जगत राहते आणि तिच्यातून पुढे गाठ धरते.

औषध दिलेल्या पेशी मरत होत्या, पण तुलनेला ठेवलेल्या लिओनिल्दाच्या निरोगी पेशींपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे औषध वाजवीपेक्षा जास्त मारतंय. ओस्मारने औषध कमी केलं, किरण कमी केले, शेवटी हात टेकले. पुढच्या बैठकीत काम बंद झाल्याचं जाहीर करायचं ठरलं. वॉर्डात गाठ झालेल्या लेकरांपाशी बसलेल्या आयांना ते सांगायचं बाकी होतं.

आवराआवर करताना लिओनिल्दाने आपल्या पेशी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. किरणांनी पोळूनही त्या मजेत होत्या. या का मरत नाहीत, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. घरच्या सोन्याला कोण कस लावतं?

रविवारी वडिलांकडे उकडलेले पिन्याँव, म्हणजे तिकडच्या पाइनच्या बिया, होत्या. तिची लेक तैनारा आजोबांच्या मांडीवर बसून दातांनी सालं काढत होती.

"बाबा, तुमचा जन्म सेआराचाच ना?"

"सेआराच्या माणसाने मला वाढवलं," आतालीबा म्हातारा म्हणाला. "जन्म इथलाच, लापाचा. आई मी तान्हा असतानाच गेली. पोटात गाठ होती म्हणायचे."

"मग आजवर कधी बोलला नाहीत?"

"ज्याने वाढवलं त्याचंच गाव आपलं, पोरी. त्यात बोलायचं काय?"

लापा म्हणजे त्या खेचरांच्या तांड्यांच्या मुक्कामाचं गाव. लिओनिल्दा वडिलांवर रागावूही शकली नाही. गप्प बसावं, असं तिला खरंच वाटलं. कुणाला कळणार नव्हतं, तैनाराला सुई टोचावी लागणार नव्हती. फक्त वॉर्डातली लेकरं औषधावाचून गेली असती. आणि एकदा समजलेलं तिला स्वतःला विसरता येणार होतं थोडंच?

तिने बैठक पुढे ढकलायला लावली आणि ओस्मारचंच रक्त काढलं. "सोनं संपलं वाटतं?" त्याने चिडवलं. त्याच्या पेशी पोळल्या आणि औषध दिलेल्या पेशींइतक्याच मुकाट मेल्या.

"औषध बरोबर आहे," तिने त्याला सांगितलं. "माझं रक्त चुकीचं आहे."

ओस्मारने आनंदाने तिला मिठीच मारली. मग काय ऐकलं ते त्याच्या डोक्यात शिरलं आणि त्याचे हात सैल पडले.

"तैनारा?"

"काल तपासलं. तिच्यातही आहे."

तो खुर्चीत बसला. लिओनिल्दाने उत्तर माहीत असूनही विचारलं, "तिला देता येईल?"

"गाठ असलेल्यांनाच द्यायचं, हा नियम तूच घातलास, लिओ. धडधाकट पोरीच्या अंगात विषाणू सोडायचा नाही म्हणून माझ्याशी भांडली होतीस."

"बरोबरच भांडले होते," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. आता लेकीला वरचेवर तपासणीला न्यायचं, गाठ नाही ना एवढं ऐकायचं, घरी आणायचं आणि पुन्हा भीत बसायचं. औषध तिने वाचवलं होतं, पण ते लेकीच्या वाट्याला यायचं तर आधी लेक आजारी पडायला हवी होती.

दाराशी कुणीतरी येऊन म्हणालं, काम पुन्हा सुरू होतंय ना, मग निरोगी रक्त लागेल. लिओनिल्दाने सवयीने बाही वर सरकवली. मग तिने ती खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावलं.