जिभेखाली

"आ कर. जीभ वर. आता गाल ओढ."

मुलीनं बोटानं गाल ओढून दाखवला. "गिळली हो बाई! आता काय पोटात शिरून बघणार?"

"दार असतं तर शिरले असते. पळ वर्गात."

शाळेच्या औषधखोलीतल्या नर्सबाईंना मुलं पाठीमागं 'फौजदार' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि नावाला जागण्यात त्या कसूर करत नसत. गोळी घशाखाली उतरल्याची खात्री पटल्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडायचा नाही.

मुलगी गेली. सवयीनं त्यांनी पाण्याचा आणखी एक पेला भरला आणि दाराकडे पाहिलं. फिटच्या झटक्यांची गोळी घ्यायला येणारा मुलगा गेल्याच महिन्यात घरी झोपेत गेला होता. तरी या वेळेला दारात कुणीतरी बूट घासत उभं असल्याचा भास होई.

आज खरंच कुणी उभं होतं. त्याची आई.

"उरलेल्या गोळ्या न्यायला बोलावलंत ना?"

बाईंनी त्याची डबी पुढे केली. आईनं ती घेतली नाही. आपली मूठ उघडली. तळहातावर गोळ्या होत्या. तोंडात भिजून पुन्हा वाळलेल्या, धुळीचे तंतू चिकटलेल्या.

"पलंगामागं सापडल्या. रात्रीच्या. मी हातावर ठेवायचे आणि दिवा मालवायचे." तिचा आवाज खोल गेला. "ह्यांना अजून दाखवल्या नाहीत. खरं सांगा बाई, इथं पण असंच करायचा? का फक्त माझ्याकडंच?"

बाईंच्या डोळ्यांपुढे ते उघडं तोंड आलं. पडलेल्या दाताची खिंड, जिभेखालची निळी शीर. इथली एकूण एक गोळी त्याच्या पोटात गेली होती.

"इथंही करत असेल," त्या म्हणाल्या. "गर्दी असते. मी कुठं रोज तोंड उघडून बघत होते?"

आईची मूठ गोळ्यांवर मिटली.

"म्हणजे? मी दिवसभर राबून आडवी व्हायचे, डोळ्यांवर झापड यायची. तुम्हाला पगार कशाचा मिळतो हो?"

"चुकलंच माझं."

"चुकलं म्हणे! पोर गेलं माझं!"

डबी हिसकावून ती बाहेर पडली. आली होती भिंतीचा आधार घेत. आता ताडताड मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाली. तिचा आवाज व्हरांडाभर घुमला. वर्गावर्गांतून माना बाहेर आल्या.

बाईंनी कपाटाला कुलूप घातलं, आणि बोलावणं यायची वाट न बघता त्या तिच्या मागोमाग निघाल्या.