सहा अँपिअर

पहाटेच्या नमाजेला उठलेल्या वासिफने आधी गाडी पाहिली, मग आभाळ. आभाळ ढगांनी भरलेलं होतं. गाडी भरलेली नव्हती. पडद्यावर एकसष्ट टक्के दिसत होते.

शंभर हवे होते. आज शुक्रवार, आणि दुपारची नमाज झाली की मागणीची मंडळी घेऊन त्याला अम्मानहून अजलूनच्या डोंगरात जायचं होतं, थोरल्या राकानसाठी शुरूकचा हात मागायला. जायला यायला मिळून ही जुनी बॅटरी जेमतेम पुरते, तीही काठोकाठ भरलेली असली तर.

जिन्याखालच्या प्लगपाशी तो उकिडवा बसला. तारेच्या मधोमध लोंबणाऱ्या चार्जिंगच्या डबीवर चार आकडे होते: सहा, आठ, दहा, तेरा. रात्रभर तेरा अँपिअरवर ठेवली की सकाळी गाडी तुडुंब, हे घरातल्या शेंडेफळालाही पाठ होतं. दिवा सहावर जळत होता. तो तिथे कुणी नेला, हे वासिफला विचारावं लागणार नव्हतं.

त्याची एक सवय होती. निजायच्या आधी तो अनवाणी खाली यायचा आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा प्लगवर तळवा ठेवायचा. काल तळव्याला ऊब लागली. रोजची नव्हे, जरा जास्त. त्याने आकडा सहावर आणला. निवला की वाढवू, असं स्वतःला सांगितलं, आणि वाढवला नाही.

आता त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. सगळं ठीक आहे ना, असं बायकोने, उम्म राकानने, विचारलं तेव्हा तो म्हणाला, भरपूर आहे.

भरपूर नव्हतं, आणि नेमकं आजच नव्हतं. दोन्हीकडच्या बायकांनी महिन्याभरापूर्वीच ठरवून टाकलं होतं. पोरीचा होकार होता, आईचा होता. अडून बसला होता तो एकटा बाप, अबू मुईन. तीस वर्षं त्याने लष्कराचे ट्रक हाकलेले. जावई विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो, लोकांच्या घरी चार्जर बसवतो, हे ऐकून तो म्हणाला होता, ज्या गाडीला घराबाहेर पडताना भिंतीची परवानगी लागते, तिच्यावर माझ्या पोरीचं पोट कसं चालायचं. फोनवर त्याने बजावलं होतं की चाळीस गाड्यांची मिरवणूक नको. चौघे या, एका गाडीत या, मला ऐकायचंय.

आणि तो नाही म्हणाला, तर रीत ठरलेली होती. पुढ्यात ठेवलेली कॉफी न पिता, घोटभर पाणीही न घेता, मंडळींनी उठायचं आणि सरळ वाटेला लागायचं. वाटेला लागायचं म्हणजे गाडी चालली पाहिजे. ज्याने पोर द्यायला नकार दिला त्याच्याच दाराशी, त्याच्याच विजेसाठी हात पसरून उभं राहायचं, या चित्राने वासिफच्या छातीत सकाळपासून ठाण मांडलं होतं.

निघताना बायका जिन्यावर दाटल्या. उम्म राकानने पदराआडून गळा मोकळा केला:

जैतुनाच्या वाटेनं चाललेत चौघे जण,
येताना आणा तुम्ही दोन घरांचं एकपण.

मागून बायकांच्या आनंदाच्या हुलूहुलूचा गजर उठला. वासिफने गाडी हलवली. आकडा साठ झाला.

शेजारच्या आसनावर हाज फलाह होते, वासिफचे चुलते. आज बोलायचा मान त्यांचा, म्हणून मेंढीच्या कातड्याचा जाड झगा घालून ते सुलतानासारखे बसले होते. मागे राकान, आणि त्याचा मामा इद्रीस, ज्याने जन्मात पेट्रोलशिवाय दुसरा वास घेतला नव्हता. त्याची स्वतःची गाडी गॅरेजात पडली होती, आणि त्याचा राग तो या गाडीवर काढत होता.

झरका नदीच्या दरीत उतरताना आकडा चढू लागला. उतारावर गाडी स्वतःलाच भरून घेते. सत्तेचाळीसचे पन्नास झाले. वासिफला क्षणभर वाटलं, सगळी वाट अशीच उताराची असती तर. मग पलीकडचा चढ लागला आणि आकडे मुठीतल्या वाळूसारखे गळायला लागले. त्याने हीटर बंद केला. हाजांनी हातावर हात चोळत विचारलं की थंडी आत कुठून येतेय. वासिफ म्हणाला, काचा धुरकट होतात म्हणून बंद केलाय.

"अबू राकान," मागून इद्रीस वासिफला म्हणाला, "चढावर मी आणि भाचा उतरून चालतो. तेवढेच दोन टक्के वाचतील."

राकान हसला नाही. तो दोन आसनांच्या मधून पडद्याकडे बघत होता. आकडा काय सांगतो हे त्याला बापापेक्षा चांगलं कळत होतं, पण बाप गप्प होता म्हणून तोही गप्प होता.

जेराशला सार्वजनिक चार्जर होता. वासिफने मनातल्या मनात सगळी भिस्त त्याच्यावर ठेवलेली. वळणावरून पाहिलं तर सात गाड्या रांगेत, ड्रायव्हर मंडळी टपरीवर चहा पीत निवांत. एकेकाला पाऊण तास. अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर लगेच पोहोचायचं ठरलेलं.

"चला बाबा," राकान हलकेच म्हणाला. "उशीर झाला तर ते उशीरच मोजतील."

शेवटचा घाट चढताना गाडी एकदम बोलली. ती कोरियातून जुनी होऊन आलेली, आणि तिच्यातल्या बाईची भाषा बदलून घ्यायची राहून गेली होती. बाई गोड आवाजात एक लांबलचक वाक्य बोलली. हाजांनी विचारलं, काय म्हणते ही.

"म्हणते, हाजांना उतरवा, झगा फार जड आहे," इद्रीस म्हणाला.

माथा ओलांडून, पलीकडच्या ओक वृक्षांच्या वस्तीत, अबू मुईनच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा नऊ उरले होते. आकडा डोळे मिचकावत होता.

अबू मुईन अंगणात उभा होता. उंच, पांढऱ्या मिशा, एक गुडघा ताठ. त्याने चौघांशी हात मिळवले आणि हाजांचा हात जरा जास्त वेळ हातात ठेवला, जणू मापात घेतोय. आतल्या खोलीत केरोसीनची शेगडी फुललेली होती. सगळे भिंतीकडच्या गाद्यांवर बसले. शुरूकच्या धाकट्या भावाने बिनदांडीच्या कपात कडवट कॉफी ओतून पहिला कप हाजांपुढे धरला. हाजांनी तो घेतला आणि रीतीप्रमाणे न पिता खाली ठेवला.

मग ते बोलले, आणि छान बोलले. अल्लाहचं नाव, पैगंबरांवर सलाम, दोन्ही घराण्यांची अब्रू, पोराची नियत, पोरीचं नाव न घेता पोरीचं मोल. गारठलेले ओठ बोलता बोलता सैल झाले. आमचं मागणं मान्य असेल तर तुमची कॉफी पिऊ, असं म्हणून ते थांबले.

अबू मुईनने होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो राकानकडे वळला.

"गाडीत किती उरलंय?"

राकानने आधी बापाकडे पाहिलं.

"हाजांचा हात बर्फ होता," अबू मुईन म्हणाला. "तीस वर्षं गाडी हाकलीय मी. हीटर बंद ठेवून कुणी डोंगर चढतो, तो का चढतो ते मला समजतं."

"नऊ टक्के, काका," राकान म्हणाला.

"त्यात घरी पोचाल?"

"नाही. माथ्यापर्यंत जाईल की नाही, हीच शंका आहे. माथा ओलांडला तर जेराशपर्यंत उतार आहे, तिथे चार्जर आहे."

"आणि हेच तुझं काम."

"हेच." राकानची मान खाली गेली नाही, पण कान लाल झाले. "बेचाळीस घरांत मीटरपासून वेगळी वायर ओढून दिलीय मी. आमच्या घरी अजून जिन्याखालच्या जुन्या प्लगवर चालतं. रात्री पुरती भरली नाही. चूक माझी आहे."

अबू मुईनने मिशीवरून बोट फिरवलं. ज्या उत्तराची तो महिनाभर वाट बघत होता ते त्याला मिळालं होतं, असं वासिफला स्पष्ट दिसलं. आता तो शांतपणे, आदराने, नकार देणार होता. पोराने तर बापाला आच न लागता वाचवलं होतं. तोंड मिटून बसलं की झालं. पुढे कोण विचारणार होतं.

वासिफचं तोंड मिटलेलं राहिलं नाही.

"चूक त्याची नाही," तो म्हणाला. "वायर मी थांबवली. वरचा मजला पुरा होऊ दे, मग एकदाच भिंती फोडू म्हटलं. आणि काल रात्री डबी तेरावर होती, ती सहावर मी आणली. सहावर रात्रभरात अर्धीसुद्धा भरत नाही. मला माहीत होतं."

इद्रीसने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू मेहुण्याला आज पहिल्यांदाच पाहतोय.

"का आणली?" अबू मुईनने विचारलं.

"प्लग कोमट लागला."

"कोमट."

"रोजच्यापेक्षा जरा जास्त. जिन्याच्या वरच आमच्या निजायच्या खोल्या आहेत. माझ्या दोन लेकी आहेत, त्यांची आई आहे. निवला की वाढवू म्हटलं. मधे जागही आली, खाली गेलो, हात लावला, गार होता. वाढवायला बोट नेलं आणि नाही वाढवता आलं. सकाळी काय होणार ते समोर दिसत होतं, तरी नाही आलं. वर सगळे झोपलेले होते."

"तो वरचा मजला," अबू मुईन सावकाश म्हणाला, "जो पुरा व्हायचाय. तो कुणासाठी?"

"राकानसाठी." पुढचं नाव घ्यायचा हक्क अजून मिळाला नव्हता, म्हणून वासिफ तिथेच थांबला.

अबू मुईन ताठ गुडघ्यावर हात देऊन उठला आणि आतल्या दाराआड गेला. पडद्यामागून बायकांची कुजबुज आली, मग एक कोवळा आवाज. वासिफ आपल्या तळव्याकडे बघत बसला. रात्री ज्या हाताने पोरांची झोप राखली, त्याच हाताने पोराचं लग्न मोडलं, असं त्याला वाटत राहिलं. हाज तसबीहची माळ फिरवत होते. मणी नेहमीपेक्षा भराभर पडत होते.

अबू मुईन परत आला, पण बसला नाही.

"पोर विचारते," तो वासिफला म्हणाला, "हे सांगायचं असं तुमचं वाटेत ठरलं होतं, की आत्ता आपणहून सांगितलंत?"

"वाटेत मी त्यांना थंडीचं कारणही खोटं सांगितलं," वासिफ म्हणाला.

"काचा धुरकट होतात म्हणाला," हाज तसबीह न थांबवता म्हणाले. "माझी हाडं गोठवली याने."

पडद्याआड कुणीतरी हसू दाबलं. अबू मुईनच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि मग त्याचा चेहरा एकदम दमलेला दिसला, लांबच्या फेरीवरून ट्रक आणून उभा केलेल्या माणसासारखा.

"मी मेकॅनिक शोधत नव्हतो," तो म्हणाला. "मेकॅनिक मला कळतात. माझी पोर या डोंगरावरून तुमच्या जिन्याच्या वर झोपायला जाणार. तिथे रात्री उठून कोण बघणार, हे मला कुणी सांगत नव्हतं." तो हाजांकडे वळला. "कॉफी घ्या, हाज. पोर दिली. अल्लाह दोघांना सुखी ठेवो."

आतून हुलूहुलूचा असा लोंढा आला की शेगडीची ज्योतही हलल्यासारखी वाटली. हाजांनी कप उचलला आणि थंड झालेली कॉफी अमृतासारखी प्यायली. राकानने दोन्ही तळहातांनी चेहरा झाकला. इद्रीसने त्याच्या पाठीवर धपाटा घातला आणि म्हणाला की आता तरी हीटर लावा, नवरदेव कापतोय.

"एक अट आहे," अबू मुईन म्हणाला. "मीटरपासून वेगळी वायर. ती पुरी होईल, मी येऊन डोळ्यांनी बघेन, मग लग्नाची तारीख."

"पंधरा दिवसांत करतो, काका," राकान म्हणाला.

"घाई नको. घाईत ओढलेली वायर मला नको."

मग तो वासिफच्या शेजारी टेकला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आता मागा."

"काय?"

"जे मागायला मघापासून ओठ शिवून बसलाय."

एवढ्या मोठ्या मागण्यानंतर हे छोटं मागणं जिभेवर जास्त जड झालं होतं.

"वीज हवी होती," तो शेवटी म्हणाला. "दोन तास."

"दोन तासांत तुमच्या जेवणाचा मेंढा शिजत नाही. चार म्हणा."

वासिफने चार म्हटलं.