फुकेतला घट

प्रतापच्या नीउ-व्हेनेपच्या घरी टीव्हीवर पहिली स्लाइड आली आणि माझ्या तोंडातला ढोकळा फिरायचा थांबला. स्लाइडवर तळलेल्या किड्यांची परात होती. वर मथळा: ‘रिस्क्स’.

मुळात ही सहल मृदुलाची. माझी बायको वेंगुर्ल्याची. पन्नाशीला काय हवं असं विचारलं, तर म्हणाली, “समुद्राकाठी बसून हाताने खेकडा फोडून खायचाय. आणि शेजारी कुणी नाक धरायला नकोय.” आम्ही राहतो त्या हार्लेमच्या डच सुपरमार्केटातला मासा पांढरा, चौकोनी आणि निनावी असतो. त्याला कधी डोकं होतं याचा पुरावा पाकिटात ठेवत नाहीत. वेंगुर्ल्याला का नाही? तिथे खेकड्यांबरोबर नातेवाईकही येतात. म्हणून फुकेत. चार दिवस, थोडं भटकायचं, बाकी खायचं.

पण इथल्या मराठी मंडळींच्या गुढीपाडव्याच्या जेवणात ही गोष्ट प्रतापच्या बायकोच्या, सुमेधाच्या कानावर गेली. संध्याकाळपर्यंत ‘फुकेत फूडीज’ नावाचा ग्रुप तयार झाला. प्रताप झुइडासच्या ऑफिसपट्ट्यातल्या एका बँकेत प्रोजेक्ट सांभाळतो. त्याला दुसऱ्याची सहल सुटी पडलेली बघवत नाही.

“तर वासुदेवराव, फूड प्लॅन,” तो मला म्हणाला. “सकाळी पोहे. इंडक्शन आपण नेतोय. दुपारी पंजाबी रेस्टॉरंट. रात्री दुसरं पंजाबी रेस्टॉरंट.”

“आणि तिथलं काही?” मृदुलाने विचारलं.

“आहे ना! लोकल फूड एक्स्पीरियन्स. शहाळं. बुधवारी, अर्धा तास.”

“खेकडे?”

सुमेधाने डोळे मिटले. “अगं मृदुलाताई, जिवंत असतात ते! टबात! वळवळतात! शी! आणि म्हणे प्रत्येक पदार्थात सडवलेल्या माशांचं पाणी घालतात. अख्ख्या बेटाला वास मारत असणार.”

“बेटाला समुद्राचा वास येतो गं,” मृदुला म्हणाली.

तेवढ्यात सुमेधाचं लक्ष तारखांकडे गेलं. “थांब प्रताप. ऑक्टोबरची सुट्टी म्हणजे नवरात्र की रे! माझे घट!”

इथल्या मराठी माणसाची ही ठरलेली चूक. तारखा शाळेच्या कॅलेंडरवरून काढायच्या आणि पंचांग मागून उघडायचं.

प्रताप डगमगला नाही. “घट तिथे बसवू. माती दह्याच्या बादलीतून नेऊ.”

“कस्टमवाल्यांना काय सांगशील?” मी विचारलं.

“कल्चरल मटेरियल.” त्याने ते स्लाइडवर टाइपसुद्धा केलं. “फक्त एक आहे. एकाच व्हिलात घट आणि एखाद्याच्या ताटात खेकडा, हे काही बरं दिसणार नाही. काय, वासुदेवराव?”

मृदुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “ढोकळा छान झालाय.”

ढोकळा खायच्या सोड्याचा होता. त्यात डाळ फक्त रंगापुरती. त्या घरातली प्रत्येक गोष्ट मला शिसारी आणत होती: ती परात, तो टाइप करणारा अंगठा, आणि माझं ते ‘छान’.

मृदुला मात्र शांत होती. “उलट चांगलंच आहे,” ती म्हणाली. “फुकेतलाही त्याच दिवसांत नऊ दिवसांचा उत्सव असतो. लोक मांस-मच्छी सोडतात. गावभर शाकाहारी गाड्या.”

सुमेधाचे हात आपोआप जोडले गेले. “बघा! देवीनेच बोलावलंय!”

“मिरवणूक दाखवू?” म्हणत मृदुलाने फोन टीव्हीला जोडला.

पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस रस्त्यावरून येत होता. त्याच्या एका गालातून सळई आत गेली होती आणि दुसऱ्यातून बाहेर आली होती. मागच्याच्या गालात तलवार. दोघांचे चेहरे या खोलीतल्या कुणाहीपेक्षा शांत.

“बंद कर! प्रताप, बंद कर ते!”

रिमोट सापडेना. तो ढोकळ्याच्या ताटाखाली होता. तो मिळेपर्यंत आणखी तिघे गाल टोचलेले भक्त येऊन गेले आणि सुमेधा बेसिनकडे धावली.

“मला वाटतं,” प्रताप स्क्रीनकडे पाठ करून म्हणाला, “आपण टेनेरिफे बेट एक्सप्लोर करावं.”

“तुम्ही जा,” मृदुला म्हणाली. “आम्ही बघतो आमचं.”

परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “उत्सव सोमवारी संपतो. आपण मंगळवारी पोचतोय.”

“म्हणजे?”

“तिकिटं पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी काढलीत मी. पोरगं डेल्फ्टच्या युनिव्हर्सिटीत शिकतंय, आपल्याला कसली आलीय शाळेची सुट्टी?”

“मग दुपारभर मला तिथे कशाला बसवलंस?”

“तू काही बोलतोस का, बघत होते.”

तिने पिशवीतून एक डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. सुमेधाने उरलेला सगळा ढोकळा भरून दिला होता.

“तुला आवडला म्हणून,” मृदुला म्हणाली. “हार्लेम यायच्या आत संपव. घरात मला तो वास नकोय.”