चिकट केलेली हवा

दादाच्या ऑफिसात पूल-इमारतींवर वारा कसा वागेल ते बांधण्याआधी संगणकावर तपासायचे, आणि तिथे एक जुनी खोड होती. वाऱ्याचं गणित फुटायला लागलं, आकडे आभाळाला भिडले, की दादा गणितातल्या हवेत खोटा चिकटपणा घालायचा. हवा मधासारखी सुस्त व्हायची, भोवरे विरून जायचे, चित्र गुळगुळीत यायचं. ग्राहक खूश! "गणित शांत झालं," दादा म्हणायचा. शांत कसलं, हवेचा जीवच गेलेला असायचा.

मी त्याची धाकटी बहीण, त्याच्याच हाताखाली. हा चिकटपणा न घालताही फुटणार नाही आणि बारीकसारीक भोवरे जपेल, अशी पद्धत उभी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दादाने शब्द दिला होता, पादचारी पुलाच्या कामात ती टिकली तर ऑफिस तीच वापरेल, तुझ्या नावाने.

टिकली. आकडे कुठेही फुटले नाहीत. पण पडद्यावरच्या पुलामागे भोवरे ठरावीक लयीत सुटत होते आणि त्या लयीवर पूल डोलत होता, दर झोक्याला थोडा जास्त.

"हे तुझ्या पद्धतीचे नखरे," दादा म्हणाला.

"नखरे असते तर गणिताची जाळी बारीक केल्यावर, हवेचे आणखी छोटे चौकोन पाडल्यावर गेले असते. केली मी. झोका तेवढाच येतो. दादा, पूल खरंच हलणार आहे."

"उद्या ग्राहक येतोय, आणि तू मला पूल हलवून दाखवतेस?"

दुसऱ्या दिवशी पडद्यावर पूल ढिम्म उभा. माझ्याच पद्धतीत त्याने आपला चिकटपणा ओतला होता. "ही माझ्या बहिणीची नवी पद्धत," तो छाती फुगवून सांगत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी भर बैठकीत म्हणाले, "हे चित्र खोटं आहे. पूल डोलतोय."

दादा हसला. "घरीही अशीच घाबरट आहे." सगळेच हसले.

मी ग्राहकाला खरे आकडे पाठवले, वर फोनही केला. "तुमची घरची भांडणं आमच्याकडे नकोत, मॅडम," एवढंच उत्तर आलं. मी नोकरी सोडली. दादाचं काहीच अडलं नाही. पूल ठरल्याप्रमाणे बांधून झाला.

काल आईचा फोन आला. उद्घाटनाला पुलावर पहिलं पाऊल टाकायचा मान दादाने तिला दिलाय. आवाजात आनंद मावत नव्हता.

"आई, वारा असेल तर जाऊ नकोस."

"अगं, असं काय बोलतेस? तुझ्याच गणितावर उभा आहे ना तो? दादाने पाटीवर तुझं नाव घातलंय."