शिवून ठेवलेली गाडी

मित्रांनो, परवा शाळेतून येताना तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने 'मला आंघोळ घाला' असे लिहिले आणि तुम्ही सगळे खिदळत पळालात. मला राग आला नाही. उलट बरे वाटले, कारण इतक्या हलक्या हाताने मला कुणी शिवल्याला फार वर्षे झाली. पण आंघोळीचे म्हणाल, तर माझा घात सुरू झाला तो आंघोळीपासूनच. उद्या भंगारवाला येणार आहे, तेव्हा जे सांगायचे ते आजच सांगून टाकते.

मी एक जुनी चारचाकी गाडी आहे. माझा रंग सायीसारखा होता. आता सांगितल्याशिवाय तो कुणाला ओळखू येणार नाही. कारखान्यात एका माणसाने माझी चारही दारे उघडून-लावून आवाज ऐकला, मान डोलावली आणि मला बाहेर काढले. पहिल्या मालकाने मला सहा वर्षे वापरले. तो कौतुक करणाऱ्यांतला नव्हता, पण तेल मात्र वेळच्या वेळी बदलायचा. आम्हा गाड्यांमध्ये यालाच प्रेम म्हणतात. त्याची बदली झाली आणि मी मास्तरांच्या दारात आले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीमास्तर. त्यातही ते फक्त रेनकोट आणि ताडपत्र्या शिवत. दुकान पुढे, घर मागे आणि त्याच्याही मागे पत्र्याची शेड, तिथे मी. मास्तरांची एक पद्धत होती. कोट शिवून झाला की ते त्याची बाही मनगटाशी घट्ट बांधत, तिच्यात तांब्याभर पाणी ओतत आणि कोट खुंटीला टांगून ठेवत. दुसऱ्या दिवशी खालची फरशी कोरडी असेल तरच तो गिऱ्हाइकाच्या हाती पडायचा. एक थेंब जरी दिसला, तरी सगळी शिवण उसवून पुन्हा घालत. "पाणी आत शिरलं, तर त्याला कोट कशाला म्हणायचं? सदराच तो," असे ते म्हणत.

आता गंमत ऐका. मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती. मला चालवायच्या त्या मास्तरीणबाई. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या शिकल्या. समोरच्या गॅरेजमधला फिटर त्यांना शिकवायचा आणि अख्खी गल्ली दारात उभी राहून तमाशा बघायची. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा भिंतीला आणि एकदा पाण्याच्या पिंपाला धडकवले. पण बाई मोठ्या जिद्दीच्या. लोक हसले की त्याही हसायच्या आणि पुन्हा किल्ली फिरवायच्या. त्यांची उंची बेताची, समोरचे नीट दिसायचे नाही. म्हणून मास्तरांनी रेनकोटाच्या उरलेल्या कापडाची एक जाड उशी शिवून दिली. त्या उशीवर त्या अशा ताठ बसायच्या, की मलाच कॉलर टाइट झाल्यासारखे वाटायचे.

मास्तर शेजारच्या सीटवर. समोर सायकल आली, कुत्रे आले, वळण आले, की मास्तरांचा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक आहे.

"अहो, तिथे ब्रेक नाही," बाई म्हणायच्या.

"माहीत आहे गं. पण पाय ऐकत नाही."

वर्षानुवर्षे ते पत्र्यावर पाय दाबत राहिले आणि बाई हसत राहिल्या. टपावर कापडाचे गठ्ठे, मागच्या सीटवर शाळांचे, दूधवाल्यांचे, अग्निशमन दलाचे रेनकोट, आणि पुढे ही जोडी. ती माझी सोन्याची वर्षे होती. बाजारात कुणी "गाडी चांगली ठेवलीय हो!" म्हणाले, की मास्तर माझ्याकडे न बघता बाईंकडे बघायचे.

मग परदेशातून फोन आला. त्यांच्या मुलीला जुळी झाली होती, तीही दिवस भरण्याआधीच. दोन्ही बाळे अगदी नाजूक, जावई कामावर, घरात दुसरे माणूस नाही. मास्तर आणि बाईंनी दुकान बंद करून जायचे ठरवले. निदान दोन वर्षे तरी लागणार होती. दुकानाचे काय, मशिनींचे काय, हे सगळे भराभर ठरले. घोडे अडले ते माझ्यापाशी. मला ठेवायचे, की देऊन टाकायचे?

शेजारी एक नर्स राहायची. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा बांधणे, सुया देणे, हे तिचे काम. बॅग खांद्याला लावून ती सगळे पायी करायची. एका संध्याकाळी ती शेडमध्ये आली.

"मास्तर, मला द्या गाडी. लांबच्या घरांना मी पोचूच शकत नाही. तुम्ही आलात की काकूंना परत नेऊन देईन, हवं तर लिहून देते."

बाईंचा चेहरा खुलला. "द्या की हो! सिस्टर रोज चालवेल. गाडी उभी राहिली की मरते."

"मरते म्हणजे? मी काय तिला उघड्यावर टाकून चाललोय?" मास्तर म्हणाले. "सिस्टर, राग मानू नका. पण हिच्या हाताला बसलेली गाडी आहे ती. दुसऱ्याचा हात लागला, की पुन्हा तशी राहत नाही."

नर्सने खांद्यावरची बॅग सावरली आणि ती निघाली. त्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघे एकदा नदीपर्यंत जाऊन आलो, तेव्हा बाईंनी पुन्हा विषय काढला. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "ती दिली, तर आपलं इथे काय राहिलं? कशासाठी परत येशील तू? नातवंडं एकदा मांडीवर बसली, की तुझा पाय निघणार नाही."

बाईंनी गिअर बदलला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या हातून वळणावर बंद पडले.

तर मित्रांनो, मला ठेवायचे ठरले. फिटरने सगळे बजावून सांगितले होते. चाकांखाली लाकडी ठोकळे द्या. हँडब्रेक सोडून ठेवा. किल्ली माझ्याकडे द्या, मी दर महिन्याला इंजिन चालू करीन. आणि झाकायचे असेल तर साधी सुती चादर टाका. मास्तरांनी सगळे मान्य केले. फक्त चादरीचे ऐकून त्यांनी नाक मुरडले. "कापडातलं तू मला शिकवणार? तू नट-बोल्ट बघ."

आणि त्यांनी माझ्यासाठी खोळ शिवली. रेनकोटाचे सर्वांत भारी कापड घेतले. आरशांची मापे वेगळी, चाकांची वेगळी, टपावरच्या जाळीची वेगळी. शिवणीवर आतून रबराची पट्टी चिकटवली. खाली पोटाशी दोरी ओवली, तीही आवळून बांधता येईल अशी. फिटरला बॉनेट उघडता यावे आणि दोरी सोडून दारापर्यंत पोचता यावे म्हणून पुढे एक झडप ठेवली, सहा बटणांची; दोरीची गाठ तिच्या आत घेतली. आयुष्यात त्यांनी इतके सुरेख काम केले नसेल. माझ्यावर त्यांचा किती जीव होता, हे मला त्या खोळीतून कळले. म्हणून तर दोष तरी कुणाला द्यायचा?

निघायच्या आदल्या सकाळी मास्तरांनी स्वतः मला न्हाऊ घातले. दारांच्या फटी, चाकांच्या कमानी, सगळे खळखळून धुतले, वरवर पुसले आणि लगेच खोळ चढवली. मग सवयीप्रमाणे परीक्षा घेतली. बादल्यांवर बादल्या पाणी माझ्यावर ओतले आणि झडपेतून हात घालून आत चाचपून पाहिले. एका बटणापाशी पाण्याचा थेंब लागला. एकच थेंब! मास्तरांनी सुईदोरा आणला आणि बटणांवरून ती झडप जाड टाक्यांनी शिवून टाकली, वर मेण फिरवले.

"अहो, फिटर आता इंजिन कसं चालू करणार?" बाईंनी विचारले.

"उसवेल आणि पुन्हा घालील. चार टाके तर आहेत."

चार नव्हते हो, चाळीस होते. आणि माझी दारे आतून ओली होती.

पहिल्या महिन्यात फिटर किल्ली घेऊन आला. खोळीवरून हात फिरवत उभा राहिला. "मास्तरांची शिवण मी उसवू? माझ्या ग्रीसच्या हातांनी?" असे पुटपुटून परत गेला. दुसऱ्या महिन्यातही आला. तिसऱ्यानंतर आलाच नाही. नर्सही एकदा डोकावली. तिच्या बॅगेत कात्री असायची, पण तिलाही हिंमत झाली नाही. त्या खोळीला हात लावणे म्हणजे मास्तरांच्या शब्दाला हात लावणे, असेच सगळ्यांना वाटायचे.

आत मी होते, अंधार होता आणि ते पाणी होते. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. शेडची जमीन मातीची, तिची ओल खालून यायची आणि तीही आतच राहायची. दिवसा ऊन पत्र्यावर तापले की माझ्या अंगाला घाम फुटायचा, संध्याकाळी तो गार होऊन तळाशी उतरायचा. आधी ब्रेक धरले. मग सीटवर बुरशी आली. मग पत्रा फुगू लागला. बाहेर रोज सकाळी नर्सची पावले वाजायची. सुरुवातीला झपझप, पुढे हळू, आणि मग एक पाय ओढल्यासारखी. एकदा ती शेडबाहेर कुणाला तरी सांगत होती, की गुडघ्यामुळे टेकडीपलीकडची घरे तिने सोडून दिली. तिथे एक म्हातारे गृहस्थ तिची वाट बघत असायचे. आता त्यांच्याकडे कुणीच जात नाही. मी चार चाकांवर तिथेच, दहा पावलांवर उभी होते. मित्रांनो, गंजाने दुखत नाही. हे ऐकून दुखले.

दोन वर्षांची पाच वर्षे झाली. मग एका दुपारी शेडचे दार करकरले आणि मला मास्तरांचा आवाज ऐकू आला. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. तो आला नाही.

"काकू?" नर्सने विचारले.

"गेली. वर्ष होईल आता."

नर्सने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग मास्तर म्हणाले, "सिस्टर, एक सांगायचंय. पहिली काही वर्षं मी तुम्हाला फोन करायचो ना, तेव्हा दर वेळी आधी ती म्हणायची, गाडी घेऊन जायला सांगा त्यांना. मी कधी सांगितलंच नाही. वाटायचं, गाडी आहे तोवर ती परत यायचं नाव तरी काढील."

नर्सने फक्त त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवले. मास्तर बसले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि स्वतःचीच शिवण उसवायला घेतली. सगळे टाके काढायला अर्धा तास गेला. "बघितलंत? एक टाका ढिला नाही," ते म्हणाले. क्षणभर त्यांच्या आवाजात जुना मास्तर होता.

मग दोरी सोडून फिटरने आणि नर्सने खोळ ओढून काढली. आतून जो वास आला त्याने फिटर दोन पावले मागे सरला. माझा रंग पापुद्रे होऊन खोळीबरोबर निघून आला. फिटर वाकला, चाके पाहिली, खाली विजेरी मारून पाहिली आणि उभा राहून हात पुसू लागला. हात काही मळले नव्हते.

"मास्तर, काही राहिलं नाही हो."

"इंजिन?"

"काहीच नाही."

मास्तरांनी माझे दार ओढले. ते तिसऱ्या हिसक्याला उघडले. चालकाच्या सीटवर बाईंची उशी होती. रेनकोटाचे कापड ते, त्याला काही झाले नव्हते; मधला खळगासुद्धा तसाच होता. मास्तर तिकडे बसले नाहीत. ते वळसा घालून नेहमीच्या बाजूने आले आणि आपल्या शेजारच्या जागेवर बसले. समोर शेडची भिंत होती. ते तिच्याकडे बघत राहिले.

आणि मग त्यांचा पाय दाबला गेला. सवयच ती. पत्रा कागदासारखा फाटला आणि मास्तरांचा पाय घोट्यापर्यंत खाली मातीत गेला. त्यांनी तो काढला नाही. मान वळवून ते उशीकडे बघत होते. तिथे ब्रेक नाही, असे सांगायला आता कुणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी लोकांनी ढकलत, ओढत मला या भिंतीकडेला आणून सोडले. मास्तर खिडकीत बसतात, पण इकडे बघत नाहीत. नर्स अजून पायीच जाते, जवळच्या घरांपुरती.

मित्रांनो, मला आता कुणी दुरुस्त करणार नाही, तसे मागणेही नाही. मागणे एवढेच, की तुमच्या घरी एखादी वस्तू अशी असेल, जिच्यावर तुमचा फार जीव आहे आणि तुम्हाला दूर जायचे आहे, तर तिला गुंडाळून ठेवू नका. दारात कुणी गरजवंत उभा असेल, तर त्याच्या हातात द्या. तिच्यावर ओरखडे पडतील, तुमच्यासारखी तिला कुणी वापरणार नाही, पण ती जिवंत राहील. माझी तर पाच वर्षे काळजीच घेतली होती.

उद्या मी जाईन. मास्तरांनी खोळ घडी घालून कपाटात ठेवली आहे. कालच त्यांनी तिची झडप पुन्हा शिवली आणि तिच्यात पाणी ओतून पाहिले. एक थेंबही गळला नाही.