मालकीणबाईंची खोली

दूरच्या एका बेटावरच्या वेस्टपुंत गावात वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरोघर ऊद जाळतात. मागच्या दारापासून सुरुवात करायची, एकेक खोली धुरवत पुढं यायचं आणि वर्षभराची पनवती पुढच्या दारातून रस्त्यावर घालवून द्यायची. एर्सिलियाच्या घरात मात्र तीन वर्षं हा धूर पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन अडत होता. पुढच्या खोलीत, काचेच्या टाकीत, मासा होता.

मासा केवढा, तर बोटाएवढा. पिवळाधमक, अंगावर केशरी-जांभळे पट्टे. पार खोल समुद्रातला, उन्हाचं तोंड न पाहिलेला. त्याला अंधार हवा आणि गार पाणी हवं. म्हणून खिडक्यांना जाड पडदे, आणि पाणी गार करणारं एक मशीन, दिवसरात्र घरघरणारं. पाण्यातली उष्णता काढून ते खोलीत ओकायचं. मासा गारव्यात आणि माणसं भट्टीत, असा सगळा कारभार. एर्सिलियाच्या नवऱ्याची, रुडसेलची थोरली बहीण मेर्लिना माशाला ‘मालकीणबाई’ म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

मासा आणला होता रुडसेलनं. तो पाणबुड्या. खोलातला मासा एकदम वर काढला की पोट फुगून मरतो, त्याला डब्यात घालून थांबत थांबत वर घ्यावं लागतं. माणसाचंही तेच, थांबे न घेता वर आला तर अंग लुळं पडतं. त्या दिवशी मासा पकडून डबा दोरीला बांधण्यात इतका वेळ गेला की रुडसेलच्या पाठीवरच्या नळकांड्यातली हवा संपत आली. डबा होडीतल्यांनी सावकाश ओढून घेतला. माशाला सगळे थांबे मिळाले, रुडसेलला नाही. तो सरळ वर आला आणि त्याचा डावा पाय कायमचा गेला.

तेव्हापासून तो कुबडी शेजारी टेकवून काचेसमोर बसायचा. समुद्राचं पाणी बादल्यांनी आणणं, काच पुसणं, कोळंबी बारीक चिरून घालणं, मशीनचा आवाज जरा बदलला की झोपेतून उठणं, हे सगळं एर्सिलियाच्या गळ्यात आलं. ती नुसती दमली नव्हती, विटली होती. आपण आणि हा मासा एकदमच बुडायला लागलो तर रुडसेल आधी कुणाला धरेल, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात बादली उचलताना रोज यायचं. विचारायची हिंमत मात्र व्हायची नाही.

यंदा वर्षाच्या शेवटच्या दुपारी चौकातली फटाक्यांची माळ बघायला शेजाऱ्यांनी रुडसेलला गाडीत घालून नेलं, आणि मेर्लिना धुपाटणं घेऊन हजर झाली. मागच्या खोल्या झाल्या. पुढच्या खोलीच्या दारात एर्सिलिया आडवी उभी राहिली.

“हो बाजूला,” मेर्लिना म्हणाली. “दरवर्षी घरातली सगळी पनवती हाकलत आणतेस आणि इथं कोंडून ठेवतेस. मग भोगा!”

“ताई, पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. धूर आत गेला की मासा संपला.”

“मग बंद कर की तुझा पंप. घटकाभरानं काही मालकीणबाई मरत नाहीत.”

“आणि रुडसेलला काय सांगू?”

“सांग, नणंदेनं छळलं. नाहीतरी गावभर माझं नाव तेच आहे.”

एर्सिलियाचा उदावर फारसा विश्वास नव्हता. पण या खोलीतून काहीतरी हाकलायचं, ही कल्पनाच तिला बरी वाटली. पंप आणि मशीन एकाच बटणावर होतं. तिनं ते बंद केलं, टाकीवर ओली चादर टाकली आणि रस्त्याकडचं दार सताड उघडलं.

“जा बाई एकदाची,” मेर्लिनानं धुरातल्या पनवतीला सांगितलं, आणि शेगडीवरचं डुकराचं मटण करपेल म्हणून ती लगबगीनं घरी गेली.

धूर विरला की बटण लावायचं, म्हणून एर्सिलिया रुडसेलच्या खुर्चीत टेकली. समुद्रावरचा वारा आत आला. घरघर नव्हती. या घरात एवढी शांतता असू शकते, हे ती विसरूनच गेली होती. तिनं जरा डोळे मिटले.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. चादर जमिनीवर पडली होती. रुडसेल कुबडी काखेत धरून टाकीपाशी उभा होता आणि मोठ्या डावानं पाणी ढवळत होता. पाण्यावर बर्फाच्या बाटल्या तरंगत होत्या, पार वितळलेल्या. स्वयंपाकघरापासून इथपर्यंत फरशी ओली होती. एर्सिलिया धडपडत उठली. मासा तळाच्या वाळूवर आडवा पडला होता.

“अरे, बटण दाबायचं ना!” ती किंचाळली. “एक बटण!”

“हात नेला होता,” तो म्हणाला.

“मग?”

“तू घोरत होतीस.”

“म्हणून?”

“मशीन लागलं की तू दचकून उठतेस. रोज बघतो मी. म्हटलं, बर्फावर निभेल तेवढं निभवू.” त्यानं डाव खाली ठेवला. “नाही निभलं.”

एर्सिलिया रडायला लागली. ज्याचा इतका राग राग केला त्या माशासाठी रडली, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणूनही रडली. पण सवय कुठं जाते? डोळे पुसता पुसता ती बादलीकडे वळली.

“राहू दे ते.”

“बरं. कॉफी तरी टाकते.”

“तू बस,” रुडसेल म्हणाला, आणि कुबडी टेकत, ओल्या फरशीवरून जपून पाय टाकत, स्वयंपाकघराकडे निघाला.