डबलकाका

बर्गरच्या दुकानात तळणीवर उभी राहून मला सहा वर्षं झाली. जाळी तेलात सोडायची, भोंगा वाजला की उचलायची. सुरुवातीला त्या वासाने मळमळायचं. आता काही वाटत नाही. खरं तर कशाचंच फारसं वाटत नाही.

तीन महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांना हार्ट अटॅक आला. झापलं मात्र डॉक्टरांनी मला. "तळलेलं, चीज, सगळं बंद. पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही." तेव्हापासून घरात सगळं उकडलेलं. हे मुकाट्याने गिळतात, वर "छान झालंय" म्हणतात. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या स्वयंपाकाचं पहिलंच कौतुक, मी आपली हुरळून गेले. ह्यांचं वजन काही उतरेना, तर मी वजनकाट्याला शिव्या घातल्या.

काल दुसऱ्या शाखेत माणसं कमी होती म्हणून मॅनेजरने मला तिकडे पिटाळलं. गाडीतून येणाऱ्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. आधी हेडफोनवर नुसता आवाज ऐकू येतो, मग गाडी वळसा घालून खिडकीशी येते. सव्वाचारला कानात आवाज आला, "नेहमीचंच द्या."

शेजारच्या पोरीने लगेच बटणं दाबली. "डबलकाका! डबल चीज, डबल फ्राइज. रोज येतात. फार गोड माणूस."

मी तो आवाज ओळखला. ओरडणार होते. पण सकाळपासून शंभरदा म्हटलेलं नियमाचं वाक्यच तोंडातून निघालं, "फ्राइज मोठे करू का, सर?"

"करा की, ताई."

ताई! एरवी मी हसून हसून लोळले असते.

गाडी खिडकीशी आली. मला बघताच ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. गरम पिशवी माझ्या हातात होती. ती द्यायची की नाही, एवढंच मला ठरवायचं होतं. मागच्या गाडीने हॉर्न मारला.

"मावशी, द्या ना लवकर," पोरगी म्हणाली.

राग येईल म्हणून मी वाट पाहिली. आला नाही. रडूही आलं नाही. मी पिशवी पुढे केली.

ह्यांनी ती घेऊन मांडीवर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "संध्याकाळी माझ्यासाठी जेवण थोडंच कर."

"बरं," मी म्हणाले.